सरांची सरळ रेघ

“जरा सैल कर की गं, श्वास घ्यायला नको का मला,” मुजावर मॅडम म्हणाल्या.

मी त्यांच्या छातीवरचा पट्टा दोन बोटं सैल केला. ऑपरेशन थिएटरला लागून असलेल्या बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन चकत्या असत. त्या कातडीला नीट चिकटल्या तरच हृदयाचे ठोके नोंदले जायचे, म्हणून मी त्यांना पाण्याचं बोट लावलं. मॅडम दचकल्या.

“लिही आता तुझ्या वहीत, डॉक्टर गार पाण्याला घाबरतात.”

“अजून यंत्र चालू केलेलं नाही.”

“मग वाचले.” त्यांनी वरून हिरवा सदरा चढवला आणि केस टोपीत कोंबले. “चार वाजता विश्वस्तांची बैठक आहे म्हणे. मला बोलावलेलं नाही. तुला बोलावलंय.”

“हो.”

“काय दाखवणार?”

“आलेख दाखवणार, मॅडम. त्यात नावं नसतात. शल्यचिकित्सक अ आणि शल्यचिकित्सक ब, एवढंच.”

मॅडम हसल्या. “इथं मोठी ऑपरेशनं करणारे आहेत किती? सर आणि मी. ब कोण हे ओळखायला आप्पासाहेबांना शाळेत जावं लागेल असं वाटतं का तुला?”

मला तसं वाटत नव्हतं. पण मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, आणि विश्वस्तांच्या बैठकीला आपल्याला बोलावलंय या आनंदात अशा बारीकसारीक गोष्टींकडे कानाडोळा करायची मला चांगली सवय होती.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. सांगली-मिरजेच्या बाजूला ट्रस्टचं एक रुग्णालय होतं, तिथं मी पीएच.डी.चं काम करत होते. शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांच्या मनावर किती भार येतो तो मोजायचा, हा माझा विषय. ऐकणाऱ्याला वाटायचं, हे काय मोजायचं असतं? पण मोजता येतं, किंवा मोजता येतं असं मी तेव्हा ठणकावून सांगायचे. डॉक्टरांच्या छातीवर पट्टा बांधायचा. ठोके माझ्या लॅपटॉपवर रेघ होऊन उमटायचे. ऑपरेशन संपलं की हातमोजे काढल्या काढल्या एक फॉर्म द्यायचा. त्यात सहा आडव्या रेघा: डोक्याला किती त्रास झाला, शरीराला किती, घाई किती होती, मेहनत किती पडली, काम किती चांगलं झालं, चिडचिड किती झाली. डॉक्टरांनी प्रत्येक रेघेवर शून्य ते शंभरच्या मध्ये कुठंतरी फुली मारायची. चौदा महिने मी हेच करत होते.

मला तिथं आत घेतलं ते डॉ. कुलभूषण उपाध्ये यांनी. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी त्या टेबलापाशी काढली होती. आसपासच्या चार तालुक्यांत, ज्याच्या घरात सरांनी कुणाला तरी टाके घातलेले नाहीत असं घर शोधावं लागलं असतं. बाकीच्या रुग्णालयांनी “आमच्या डॉक्टरांना पट्टे बांधणार? जा बाई,” म्हणून मला वाटेला लावलं होतं. सरांनी माझा अर्ज उभ्या उभ्या वाचला, सही केली आणि स्वतःच सदऱ्याची बटणं सोडून म्हणाले, “बांध. बघू तरी आत काय चाललंय.”

आत काही चाललेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या रेघा डोंगर चढायच्या, उतरायच्या. सरांची रेघ शेताच्या बांधासारखी सरळ. पोट उघडा, आतडं फाटलेलं निघू दे, त्यांचे ठोके अडुसष्ट ते बहात्तर. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ती रेघ बघितली आणि म्हणाल्या, “संयोगिता, हाच तुझा प्रबंध. अनुभवानं ताण जातो. हे तू आकड्यांत दाखवलंस.” त्या रात्री आनंदानं मला झोप लागली नव्हती.

मार्चमध्ये सर पासष्टीला निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुजावर मॅडमना विभागप्रमुख करावं, मोठ्या शस्त्रक्रिया त्यांच्याकडे द्याव्यात, असं सरांचं म्हणणं. विश्वस्तांचं मन मात्र पुण्याच्या एका डॉक्टरांकडे ओढत होतं. मॅडम चौतीस वर्षांच्या होत्या आणि बाई होत्या, हे ते बोलून दाखवत. दुसरं जे मनात होतं ते बोलत नसत. मग कुणीतरी माझ्या यंत्राची गोष्ट आप्पासाहेब मगदूमांच्या कानावर घातली. ते अध्यक्ष. ते म्हणाले, बरं झालं, आता आपल्या आवडीनिवडीचा प्रश्नच नको, आकडेच बघू.

सहभागी डॉक्टरांचे आकडे बाहेर कुणाला दाखवणार नाही, असं मी संमतीपत्रावर लिहून दिलं होतं. तरी मी हो म्हटलं.

त्या शनिवारी सकाळी टेबलावर शेवंता ऐवळे नावाची बाई होती. वय पंचेचाळीस, पित्ताशयात खडे. दोनदा सूज येऊन गेल्यामुळे आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं, म्हणून दुर्बिणीनं न करता पोट उघडून करायचं ठरलं होतं. सर मुख्य, समोर मॅडम मदतीला. मार्था सातपुते सिस्टर हत्यारं द्यायला. मी मॅडमच्या मागं, भिंतीला लागून, लॅपटॉप घेऊन. सरांची रेघ हिरवी, मॅडमची लाल.

पहिला तास सुरळीत गेला. सर काम करता करता नेहमीसारखे बोलत होते. सिस्टरना त्यांनी नातवाची दहावी विचारली. मग बोलता बोलता थांबले.

पोटाच्या उघड्या जागेत रक्त चढत होतं. एवढं भराभर चढत होतं की आतलं काही दिसेना.

“सक्शन,” सर म्हणाले.

मॅडमनी नळी आत धरली. नळी खळखळ ओढत होती तरी रक्त वरच येत होतं. यकृताजवळची एक धमनी निसटली होती. सरांच्या उजव्या हातात चिमटा होता आणि तो हात अधांतरी होता. थरथरत नव्हता, नुसता थांबला होता. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, “सर, बीपी साठ.” हात थांबलेलाच.

मी लॅपटॉपकडे बघितलं. हिरवी रेघ: बहात्तर. लाल रेघ: एकशे अठ्ठेचाळीस.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “हात काढा.”

त्या थिएटरात सरांना असं कुणी कधी म्हटलं नसेल. सरांनी हात काढला. मॅडमनी डावा हात रक्तात घातला, डोळ्यांनी काही दिसत नसताना यकृताच्या मुळाशी बोट आणि अंगठा नेऊन दाबून धरलं, आणि रक्त चढायचं थांबलं. “दोन रक्ताच्या पिशव्या लावा. सिस्टर, बारीक चिमटा. सर, तुम्ही सक्शन धरा जरा.” सरांनी सक्शन धरलं. पुढच्या वीस मिनिटांत मॅडमनी ती धमनी शोधली, बांधली, पित्ताशय सोडवून बाहेर काढलं आणि एकदाही आवाज चढवला नाही. लाल रेघ सगळा वेळ एकशे चाळीसच्या वर होती.

मी माझ्या वहीत लिहिलं: दहा सतरा, रक्तस्राव सुरू. दहा एकोणीस, रक्तस्राव थांबला. वेळ, घटना, अ चे ठोके, ब चे ठोके, असे चार रकाने मी आखलेले होते. कुणी थांबवला, याला रकाना नव्हता.

बाहेर आल्यावर मी दोघांना फॉर्म दिले. मॅडमनी बाकावर बसून नीट विचार करून फुल्या मारल्या: डोक्याला त्रास पंच्याण्णव, घाई शंभर, मेहनत नव्वद. त्यांच्या गळ्याखालचा सदरा घामानं काळा झाला होता. सरांनी उभ्या उभ्या सहाही रेघांवर दहाच्या आसपास फुल्या मारल्या, कायम मारत तशा, आणि आत गेले.

मी पट्टे पुसत बसले होते तेव्हा मार्था सिस्टर चहा घेऊन आल्या.

“आज गोळी बी उपेगी पडली नाही बघ म्हाताऱ्याला,” त्या हळूच म्हणाल्या.

“कसली गोळी?”

“अगं, ती हाताची. हात हलत्यात न्हवं त्यांचे. दोन वर्सं झाली. ऑपरेशनच्या आधी तासभर अर्धी गोळी घेत्यात, मीच पाणी देते. मग हात कसे दगडावानी ऱ्हात्यात.” माझ्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या. “तुला ठाऊक नव्हतं व्हय? तू तर सगळं इचारून लिहून घेतीस.”

“गोळीचं नाव काय?”

त्यांनी नाव सांगितलं. मी शरीरशास्त्राची विद्यार्थिनी होते. हात स्थिर करणारी ती गोळी आणखी काय करते हे मला पाठ होतं. ती हृदयाचे ठोके वाढूच देत नाही. माणूस आतून भीतीनं गोठला तरी रेघ सरळच राहते.

माझ्या प्रत्येक सहभागी डॉक्टरचं एक माहितीपत्रक असे. वय, अनुभव, चहा-तंबाखू, आणि सातवा प्रश्न: सध्या कोणती औषधं घेता? बाकी सगळ्यांना मी समोर बसवून विचारलं होतं. मुजावर मॅडमना तर पाळीच्या गोळ्यांसकट विचारलं होतं. सरांचं पत्रक मी त्यांच्या केबिनबाहेर बसून स्वतःच भरलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाला ‘तंबाखू खाता का, गोळ्या कुठल्या घेता’ असं तोंडावर विचारायला माझी जीभ रेटली नव्हती. वय आणि अनुभव ठाऊकच होता. बाकी सगळीकडे मी ‘नाही’ लिहिलं होतं आणि सही तेवढी घेतली होती. सरांनी न वाचता सही केली, कारण माझ्यावर विश्वास होता.

सरांच्या नोंदी काढून टाकल्या तर माझा अर्धा प्रबंध जात होता. तो नुसता अर्धाही नव्हता, तोच प्रबंध होता.

अडीच वाजता मी पत्रक हातात घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. विचारायचंच, असं ठरवून गेले होते. सर डबा उघडून बसले होते, पण भाकरी तशीच होती.

“ये. जेवलीस?”

“हो सर.”

“मी नाही अजून.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आज मुजावर नसती तर ती बाई टेबलावरच गेली असती. मला काही सुचेना. छत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं.” ते आपल्या हातांकडे बघत होते. हात स्थिर होते. “बैठकीत मी सांगणार आहे आप्पासाहेबांना. तिलाच द्या म्हणून.”

माझ्या जिवात जीव आला. सर स्वतः सांगणार म्हटल्यावर माझ्यावर काय राहिलं?

“काही विचारायचं होतं का?” त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघून विचारलं.

“नाही सर,” मी म्हटलं आणि कागदाची घडी केली.

चार वाजता विश्वस्तांच्या खोलीत पाच माणसं होती. आप्पासाहेब मगदूम वाईट माणूस नव्हते. पत्नी या रुग्णालयात वाचली म्हणून त्यांनी इथं पदरची जमीन दिली होती. मी सगळ्यांना कागद वाटले आणि भिंतीवर आलेख लावला. त्यात मी दुपारीच सकाळचं ऑपरेशन घातलं होतं. ताजं म्हणून. का घातलं, हे मी स्वतःला आजवर शंभरदा विचारलं आहे. सवयीनं घातलं, एवढंच उत्तर मिळतं.

“हे लाल म्हणजे?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“शल्यचिकित्सक ब.”

“म्हणजे मॅडम.”

मी आलेखाचा सुटलेला कोपरा भिंतीला दाबला.

“सकाळी रक्त सुटलं त्या वेळचं आहे ना हे? सरांचे बहात्तर, मॅडमचे दीडशेच्या घरात. आणि मॅडमनी स्वतःच लिहून दिलंय, डोक्याला त्रास पंच्याण्णव.”

सर म्हणाले, “आप्पासाहेब, ती बाई मुजावरनं वाचवली. मी नाही.”

“सर, तुमचं मन मोठं आहे, हे आम्हाला आज कळतंय का?” आप्पासाहेब हात जोडून म्हणाले, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. “आपल्या विद्यार्थिनीसाठी तुम्ही श्रेय सोडणारच. म्हणून तर यंत्राला विचारायचं ठरवलं. पोरी, तू सांग. यंत्र चुकतंय का?”

“नाही.”

“मॅडमचे ठोके दुप्पट झाले, खरं?”

“खरं.”

“सरांचे झाले नाहीत, खरं?”

हे वाक्य मला त्या वेळी पुरं करता आलं असतं. सरांचे झाले नाहीत कारण. एवढा एक शब्द पुढं जोडायचा होता. सर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी समोरच्या कागदाकडे बघितलं. त्यावर पहिल्याच ओळीत मी टंकलेल्या अक्षरांत होतं: शल्यचिकित्सक अ, वय चौसष्ट, अनुभव छत्तीस वर्षं, औषधे नाहीत. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहिलं. ते काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. आता वाटतं, तेही मी बोलेन म्हणून थांबले होते. किंवा त्यांना वाटलं असेल की ही पोरगी जाणूनबुजून आपली लाज राखते आहे.

“खरं,” मी म्हटलं.

“झालं तर मग,” आप्पासाहेब म्हणाले. “सोमवारी अकराला पुण्याच्या डॉक्टरांच्या नावानं ठराव लिहून घेऊ.”

सहाच्या सुमाराला मी मुजावर मॅडमना शोधत गेले. त्या शेवंताबाईंच्या पलंगाशी होत्या. बाई शुद्धीवर आल्या होत्या आणि चहा मागत होत्या. “उद्या देते, आज जीभ ओली करून घ्या नुसती,” असं म्हणून मॅडमनी त्यांच्या ओठांना ओला कापूस लावला आणि मला बघून बाहेर आल्या.

“कळलं मला,” त्या म्हणाल्या. “सरांनी फोन केला होता. फार वाईट वाटत होतं त्यांना.”

“मॅडम, मला एक सांगायचंय. सर गोळी घेतात.”

“माहीत आहे. मीच लिहून देते.”

“तुम्ही?” मी विचारलं.

“बाहेर कुणाला दाखवायचं नव्हतं त्यांना. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले, खुर्चीत बसले आणि हात पुढं केले. माझ्या गुरूचे हात.” त्यांनी स्वतःचे हात पुढं धरले. “हात हलले तर कापता येत नाही. गोळीनं हलत नाहीत. त्यात लबाडी काही नाही. पण ते माझे पेशंट झाले ना त्या दिवशी. पेशंटचं औषध मी चारचौघांत कसं सांगणार? आणि तेही माझ्या खुर्चीसाठी?”

“मला नव्हतं माहीत. आज दुपारी कळलं.”

“दुपारी म्हणजे बैठकीच्या आधी.”

“आधी.”

“मी चौदा महिने समजत होते, तू त्यांना विचारलं असशील, त्यांनी सांगितलं असेल, आणि तू तुझ्या हिशोबात ते धरलं असेल. तुझ्या फॉर्ममध्ये प्रश्न आहे तो. मला विचारला होतास.”

“सरांना विचारलाच नाही. मीच ‘नाही’ लिहिलं.”

रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मग अजून काही बिघडलेलं नाही. मला सांगता येत नाही, तुला येतं. तुझं कामच आहे ते, विचारायचं आणि लिहायचं. सोमवारी सर नऊला येतात. जा आणि विचार. ठराव अकराला आहे.”

“सर सांगतील?”

“विचारलं तर सांगतील. त्यांना मी ओळखते.”

मीही ओळखत होते. सर खरं सांगतील याची मला पुरेपूर खात्री होती, आणि रविवारचा सगळा दिवस मी त्या खात्रीलाच भीत होते. खोलीवर चौदा महिन्यांच्या वह्या रांगेनं लावलेल्या होत्या. दोन महिन्यांनी प्रबंध द्यायचा होता. वडिलांनी गावात आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत मी स्वतःला पटवलं की ठरावाचं विश्वस्तांनी आधीच ठरवून टाकलंय, माझ्या एका शब्दानं काय होणार. ते खोटं आहे हे पटवतानाच कळत होतं. आज माझ्या नावामागे डॉक्टर लागतं आणि प्रबंधाच्या मधल्या पानावर सरांची ती रेघ छापलेली आहे.

सोमवारी सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना मी रुग्णालयात फोन लावला. मार्था सिस्टरनी उचलला. मला ताप आहे, आज येत नाही, असं मी सांगितलं.

“मुजावर मॅडम आत्ताच तुला इचारत होत्या,” सिस्टर म्हणाल्या. “सांगते मी त्यांना. तू पडून ऱ्हा बाळ, पेज घे जरा.”

मला ताप नव्हता. मी अकरा वाजेपर्यंत पडून राहिले.